मास्ट्रिख्टचं डोमिनिकन चर्च आणि त्यातलं पुस्तकांचं दुकान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चर्च नेमकं कुठे आहे आणि किती जुनं आहे?

नेदरलँड्सच्या अगदी दक्षिण टोकाला, बेल्जियमच्या सीमेला लागून मास्ट्रिख्ट हे गाव आहे. तिथल्या फ्राइटहोफ या मोठ्या चौकापासून चालत दोन-तीन मिनिटांवर हे चर्च उभं आहे. डोमिनिकन संघाचे भिक्षू तेराव्या शतकात या गावात आले आणि १२९४ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. देशातल्या सर्वांत जुन्या गॉथिक चर्चांमध्ये त्याची गणना होते. आज तिथे 'बुकहान्डेल डोमिनिकानेन' हे पुस्तकांचं दुकान आहे.

इतकं मोठं चर्च, पण उंच मनोरा का नाही?

डोमिनिकन हा भिक्षेवर जगणारा संघ. त्याला पोपची मान्यता १२१६ मध्ये मिळाली, आणि प्रवचन देणं हेच त्याचं मुख्य काम. मनोरे आणि बाकीची श्रीमंती दाखवायची नाही, ही संघाची रीत. गर्दीला प्रवचन ऐकू यायला हवं, म्हणून इमारत कशी असावी, तर मधोमध लांब, उंच, मोकळं दालन, दोन्ही बाजूंना बुटक्या पडव्या आणि टोकाला वेदीचा भाग. आडवी शाखा नाही.

पुढच्या सगळ्या वापरांना हाच आराखडा उपयोगी पडला. छोट्या छोट्या खोल्यांची इमारत बदलायची तर भिंती पाडाव्या लागतात. इथे जागा मुळातच मोकळी होती.

चर्चमधली उपासना कधी आणि कशी थांबली?

१७९४ मध्ये क्लेबर या सेनापतीच्या फ्रेंच फौजेने मास्ट्रिख्ट घेतलं. १७९६ मध्ये फ्रेंच राजवटीने मठ बरखास्त केले, त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली आणि भिक्षूंना बाहेर पडावं लागलं. लोकांची श्रद्धा उडाली म्हणून हे चर्च रिकामं पडलं, असा समज पुष्कळांचा असतो. आज युरोपात चर्च बंद पडण्याचं कारण बहुधा ओसरलेली उपस्थिती हे असतं, पण इथे तसं घडलं नाही. इथे मालक बदलला, तोही राजकीय हुकमाने, आणि पुन्हा नियमित उपासना सुरू झालीच नाही.

मग मधली दोनशे वर्षं तिथे काय चाललं होतं?

जे मोठ्या छपराखाली मावेल ते सगळं. आधी लष्कराचा वापर, मग नगरपालिकेचं कोठार. विसाव्या शतकात प्रदर्शनं, मैफली, मुष्टियुद्धाचे सामने, मुलांचे कार्निव्हलचे कार्यक्रम. पुस्तकं येण्याआधी बरीच वर्षं तिथे सायकली ठेवत.

सायकलींचा तळ म्हटल्यावर अनेकांना ती विटंबना वाटते. आमचं मत वेगळं आहे. वापर कितीही किरकोळ असला तरी कोणीतरी रोज दार उघडत होतं. छप्पर गळलं की ते कोणाच्या तरी लक्षात येत होतं आणि डागडुजीसाठी नगरपालिकेकडे कारण होतं. जुनी दगडी इमारत मरते ती छपरातून. कौलं सरकतात, पन्हळ तुंबते, पाणी कमानदार छताच्या पाठीवर साचतं, सांध्यातला चुना धुऊन जातो आणि एक दिवस कमानीचा दगड निसटतो. एक दगड गेला की शेजारच्यांचा आधार जातो. बंद इमारतीत हा सगळा प्रवास कोणाच्या नजरेस न पडता पुरा होतो.

जुनी चित्रं अजून आहेत का?

आहेत, आणि दुकान कसं मांडायचं हे ठरवताना त्यांचा मोठा वाटा होता. भिंतीवर १३३७ मधलं संत थॉमस अक्वायनसचं चित्र आहे. थॉमस हे डोमिनिकन संघाचेच पंडित. त्यांना संतपद मिळालं १३२३ मध्ये, म्हणजे चित्र त्यानंतर अवघ्या १४ वर्षांनी काढलेलं. इटलीबाहेरच्या त्यांच्या सर्वांत जुन्या चित्रणांमध्ये ते मोडतं. कमानदार छतावरची चित्रं नंतरची, १६१९ मधली, यान वासेन्स या चित्रकाराची. दोन्ही झिजलेली आहेत, काही ठिकाणी फक्त रेषा उरल्या आहेत. जिथे रंग उडाला तिथे नवा रंग भरून 'पूर्ण' करण्याचा मोह टाळला आहे, हे उत्तम झालं.

दुकान कोणी आणि कधी केलं?

२००६ च्या अखेरीस. ते केलं सेलेक्सिझ या तेव्हाच्या डच पुस्तक-दुकानांच्या साखळीने. आतली रचना ॲमस्टरडॅमच्या मर्क्स-झिरो या वास्तुविशारद कार्यालयाची, म्हणजे एवलिन मर्क्स आणि पॅत्रिस झिरो यांची. जीर्णोद्धाराची बाजू सातैनप्लुस या कार्यालयाने सांभाळली. शेजारच्या आन्त्र द्यू या बाजार-संकुलाची पुनर्बांधणी त्याच सुमारास चालली होती. २००७ मध्ये या कामाला लेन्सव्हेल्ट पारितोषिक मिळालं. ते डच अंतर्गत सजावटीसाठी दिलं जातं.

रचनेतली मुख्य अडचण काय होती?

दुकानाला हवी होती साधारण १,२०० चौरस मीटर जागा आणि चर्चची जमीन होती साधारण ७५०. उरलेली ४५० आणायची कुठून?

सरळ उत्तर होतं पोटमाळा, दोन्ही बाजूंनी किंवा सगळ्या दालनभर. तसं केलं असतं तर आकडा जुळला असता आणि दालनाची उंची कायमची गेली असती. आत शिरल्यावर मान वर जाते, तीच तर या इमारतीची खरी संपत्ती. वास्तुविशारदांनी माळा घातला नाही. त्यांनी काळ्या पोलादाचं एक प्रचंड, आत शिरून चालता येईल असं कपाट उभं केलं. लांबी साधारण ३० मीटर, तीन पातळ्या, जिने आणि लिफ्ट. आणि ते दालनाच्या मधोमध न ठेवता एका बाजूच्या खांबांच्या रांगेत ठेवलं.

दुसरी बाजू मोकळी राहिली. तिथे फक्त बुटकी टेबलं आहेत. एका बाजूला गर्दी आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण उंची, त्यामुळे मूळ दालन जसंच्या तसं वाचता येतं. वरच्या पातळीवर गेलं की खांबांचे माथे आणि छतावरची चित्रं पूर्वी कोणाही भक्ताला दिसली नसतील इतक्या जवळून दिसतात. दोन्ही बाजू सारख्या भरल्या असत्या, तर चर्चचा एक अरुंद बोळ झाला असता.

ते कपाट भिंतींना जोडलेलं आहे का?

नाही, ते स्वतःच्या पायांवर उभं आहे. या कामातून शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मध्ययुगीन भिंत आणि खांब यांवर कमानींचा भार एका ठरलेल्या वाटेने खाली उतरत असतो. त्यात नवा माळा अडकवला की तीन गोष्टी बिघडतात. दगडात खोबणी पाडावी लागते आणि ती कायमची जखम. भार एका बाजूने येतो, त्यामुळे खांब वाकतो. आणि पोलाद व दगड तापमानाने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून सांध्याशी बारीक तडे जातात. पोलाद मोकळं उभं असेल तर उद्या दुकान गेल्यावर बोल्ट सोडून ते बाहेर काढता येतं. नवीन काम आलं तसं परत जाऊ शकलं पाहिजे, ही अट आम्ही कोणत्याही जुन्या इमारतीत सोडणार नाही.

पुस्तकांचं वजन खरंच इतकं असतं का?

लोकांच्या अंदाजापेक्षा खूप जास्त. एक मीटर फळीवर दाटीने लावलेली पुस्तकं साधारण ३० किलो भरतात. सहा फळ्यांचं, एक मीटर रुंद कपाट म्हणजे १८० किलो, आणि हा भार जेमतेम ०.३ चौरस मीटर जमिनीवर. पाठीला पाठ लावून दोन कपाटं ठेवली की ३६० किलो.

तुलनेसाठी, राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चलभार (माणसं आणि सामान यांचं वजन) धरून आखतात. युरोपीय संकेतात ग्रंथालय आणि साठवणीच्या जागेसाठी ७.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ७६५ किलो धरतात. आपल्या आयएस ८७५ या भारतीय मानकात ग्रंथालयाच्या साठवण-खोलीसाठी २.२ मीटर उंचीपर्यंत ६ किलोन्यूटन आणि त्यापुढे उंचीच्या दर मीटरला २ किलोन्यूटन वाढीव धरलेले आहेत. कॅफे किंवा सभागृह म्हणून मंजूर झालेल्या माळ्यावर नंतर पुस्तकांची कपाटं चढवणं ही नेहमी होणारी चूक आहे. पाया दिसत नाही म्हणून तो पुरेसाच आहे असं धरून चालणं ही दुसरी. जुन्या फरशीखाली बऱ्याचदा भराव असतो. पोलादी पायाखाली भार पसरवणारी पाटी किंवा स्वतंत्र पाया नसेल तर पाय खचतो आणि फरशी उलते.

साठवण, स्वच्छतागृहं, यंत्रं कुठे आहेत?

तळघरात. वरचं दालन मोकळं राहावं म्हणून खाली जागा केली. चर्चखाली खोदणं मात्र साधं काम नाही. मध्ययुगात चर्चच्या फरशीखाली माणसं पुरत असत, त्यामुळे आधी पुरातत्त्वज्ञ आणि मग कुदळ हा क्रम पाळावाच लागतो. शिवाय जुने पाये फार खोल नसतात. त्यांच्या शेजारी त्यांच्याहून खोल खड्डा घेतला की पायाखालची माती बाजूला सरकते. म्हणून खड्डा भिंतीपासून आणि खांबापासून दूर ठेवतात, थोड्या थोड्या लांबीच्या टप्प्यांनी खोदतात आणि काम चालू असताना भिंतींवर तड्यांची मापकं लावून ठेवतात.

वेदीच्या जागी काय आहे?

कॅफे. मध्ये क्रुसाच्या आकाराचं लांब टेबल आहे आणि लोक त्याभोवती बसून वाचतात. काहींना हे आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण जागेचा वारसा न लपवता तिथे लोकांना एकत्र बसवलं आहे, हे आम्हाला योग्य वाटतं.

कॅथलिक चर्चचा अशा वापराला आक्षेप नसतो का?

आज चालू असलेलं चर्च बंद करायचं असेल तर १९८३ च्या धर्मसंहितेतला १२२२ वा नियम लागू होतो. इमारत उपासनेसाठी वापरता येत नसेल आणि दुरुस्तीही शक्य नसेल, किंवा दुसरं गंभीर कारण असेल, तर बिशप तिला लौकिक वापरासाठी मोकळी करू शकतात. दुसऱ्या प्रकारात त्यांना धर्मगुरूंच्या मंडळाचं मत घ्यावं लागतं. अट अशी की नवा वापर ओंगळ किंवा अशोभनीय नसावा. पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय, संगीतगृह यांना सहसा अडचण येत नाही. मास्ट्रिख्टचं चर्च मात्र या नियमाच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षं आधीच धर्मसंस्थेच्या हातून गेलं होतं, म्हणून तिथे प्रश्न उरला तो वारसा कायद्याचा.

तो कायदा काय म्हणतो?

राष्ट्रीय स्मारक म्हणून नोंद असलेल्या इमारतीत बदल करायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते आणि मोठ्या बदलात सरकारच्या वारसा खात्याचा सल्ला घेतला जातो. अर्जाआधी इमारतीचा इतिहास-अभ्यास करून घेणं शहाणपणाचं. कोणती भिंत कोणत्या शतकातली, कोणता दगड नंतरच्या दुरुस्तीतला, हे नकाशावर रंगांनी दाखवतात. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, याचा वाद त्या नकाशामुळे निम्मा मिटतो.

इथला दगड कोणता, आणि तो कसा सांभाळतात?

या परिसराचा दगड म्हणजे मेर्गेल, फिकट पिवळा, मऊ चुनखडीचा दगड. खाणीतून काढल्यावर तो करवतीने कापता येतो. गावालगतच्या सेंट पीटर डोंगरात शतकानुशतकांच्या खाणींची भुयारं आहेत. भूशास्त्रात क्रिटेशियस कालखंडाच्या शेवटच्या टप्प्याला मास्ट्रिख्टियन म्हणतात ते याच खडकावरून.

हा दगड सच्छिद्र आहे. तो पाणी पितो आणि हवेत सोडून देतो, आणि हे चक्र चालू राहिलं तर शतकं टिकतो. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरले की चक्र तुटतं. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाण्याला बंद. मग ओल दरजेतून बाहेर न पडता दगडातूनच पडते, बरोबर आलेले क्षार दगडाच्या तोंडाशी गोठतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. थोड्या वर्षांनी सिमेंटची जाळी तशीच पुढे आलेली आणि मधला दगड आत गेलेला दिसतो. उपाय जुनाच आहे. खराब दरजा छिन्नीने, यंत्राची चकती न वापरता, दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोलीपर्यंत मोकळ्या करायच्या, पाण्याने ओलवायच्या आणि दगडाहून मऊ अशा चुन्याच्या मसाल्याने भरायच्या. मसाला लगेच सुकू द्यायचा नाही. ओल्या गोणपाटाने काही दिवस झाकून ठेवायचा.

इतक्या उंच दालनात ऊब कशी ठेवतात? पुस्तकं आणि भित्तिचित्रं एकत्र कशी राहतात?

गरम हवा वर जाते. कोपऱ्यात गरम हवेचा पंखा लावला की छताशी उन्हाळा आणि पायाशी थंडी अशी स्थिती होते आणि इंधन वाया जातं. याहून वाईट म्हणजे ती उबदार, दमट हवा थंड छताला लागून तिथे दव धरतं, नेमकं चित्रांवर. म्हणून ऊब जमिनीतून किंवा माणसाच्या उंचीवर द्यावी आणि दालनाचं तापमान माफक ठेवावं. तापमान तासाला १ ते २ अंशांपेक्षा वेगाने चढवायचं नाही, हा रूढ दंडक.

पुस्तकांना ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. भिंतीचा प्रश्न क्षारांचा आहे. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि त्याखाली पुन्हा खडे धरतं. आर्द्रता या रेषेच्या वर-खाली होत राहिली की दर फेरीला खडे रंगाच्या थराखाली वाढतात आणि रंग उचलला जातो. भिंतीला लोणा लागणं म्हणतात ते हेच. आकडा किती यापेक्षा तो स्थिर आहे का हे जास्त महत्त्वाचं. कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकवायची नाहीत, किमान १० सेंटीमीटर हवा खेळू द्यायची. नाहीतर मागे बुरशी धरते आणि ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

आवाज घुमत नाही का?

रिकाम्या दगडी चर्चमध्ये आवाज पाच-सहा सेकंद रेंगाळतो. हिशेब साधा आहे. दालनाचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण ध्वनिशोषण (आवाज पूर्ण गिळणाऱ्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरांत मोजलेलं). समजा घनफळ १०,००० घनमीटर आणि शोषण २५० चौरस मीटर, तर घुमण्याचा काळ ६.४ सेकंद. तो २ सेकंदांवर आणायला शोषण ८०० च्या वर न्यावं लागेल. माणूस अंगावरच्या कपड्यांसकट साधारण अर्धा चौरस मीटर मिळवून देतो, म्हणजे शंभर श्रोत्यांनीही फक्त ५० ची भर पडते. पुस्तकांच्या असमान कडा आवाज विखुरतात आणि थोडा शोषतात. लेखकाच्या भाषणासाठी एक मोठा कर्णा लावण्यापेक्षा श्रोत्यांच्या जवळ अनेक छोटे, कमी आवाजाचे ध्वनिक्षेपक लावावेत.

आगीची काळजी?

कागद आणि लाकडी छप्पर म्हटल्यावर हा प्रश्न हवाच. उंच दालनात धूर वर पोचण्याआधी थंड होऊन मध्येच थांबतो, त्यामुळे छताला लावलेला साधा धूरशोधक उशिरा जागा होतो. अशा ठिकाणी दालनाच्या आरपार जाणाऱ्या किरणांचे किंवा नळीने हवा ओढून तपासणारे शोधक लावतात. दुसरी अडचण दारांची. चर्चला सहसा एक मोठं आणि एखाद-दुसरं छोटं दार असतं, आणि एका वेळी किती माणसांना आत परवानगी मिळते हे दारांच्या रुंदीवर ठरतं.

दुकान बंद पडलं होतं असं ऐकलं, ते खरं का?

मालक बुडाले, दुकान वाचलं. २०१२ मध्ये सेलेक्सिझ दिवाळखोरीत गेली आणि तिच्यातून पोलारे नावाची साखळी झाली. २०१४ च्या सुरुवातीला तीही दिवाळखोरीत गेली. मग मास्ट्रिख्टच्या दुकानातल्या लोकांनी वाचकांकडून वर्गणी गोळा केली. एक लाख युरोंहून अधिक रक्कम जमली आणि दुकान स्वतंत्र झालं.

पुनर्वापराच्या चर्चेत ही बाजू हमखास राहून जाते. बांधकामाचा खर्च एकदाच, पण भाडं, वीज, ऊब आणि छपराची देखभाल दरवर्षी. नवा वापर इमारतीचा वार्षिक खर्च काढतो का, हा हिशेब आराखड्याआधी मांडायला हवा.

गोव्याला यातून घेण्यासारखं काय आहे?

गोव्यातली चर्चं मध्ययुगीन नाहीत, सोळाव्या-सतराव्या शतकातली आहेत. पण इतिहास ओळखीचा वाटतो, कारण पोर्तुगीज सरकारनेही १८३०च्या दशकात धार्मिक संघ बरखास्त केले. पुढे जुन्या गोव्यात दोन वाटा दिसतात. संत ऑगस्टीनचं चर्च ओस पडलं, १८४२ मध्ये त्याचं कमानदार छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उलट असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, आणि सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय. वापरातल्या दोन्ही वास्तू उभ्या आहेत.

दगडाचा धडाही तोच. बॉम जेझू बासिलिकाचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला गेला आणि जांभा उघडा पडला. लोकांना आता तो लाल रंगच मूळचा वाटतो. पण जांभा कोकणातला पाऊस थेट अंगावर घेण्यासाठी नाही, त्याच्यावर चुन्याचं आवरण होतं ते त्याच कारणाने. ते आवरण परत चढवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. संरक्षित स्मारकांजवळ नवं काही उभारायचं तर हद्दीपासून १०० मीटरपर्यंत मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते, हे आधीच लक्षात घ्यावं.

प्रत्यक्ष जायचं तर?

ॲमस्टरडॅमहून रेल्वेने सुमारे अडीच तास. आत जायला तिकीट नाही. सकाळी दुकान उघडताच जावं, तेव्हा वरच्या पातळीवर गर्दी नसते. आधी मोकळ्या बाजूने वेदीपर्यंत चालत जावं, मग कपाटात चढावं. उलट केलं तर उंचीचा अंदाज येत नाही. वेळ असेल तर त्याच गावातलं क्रौसहेरेन हॉटेलही पाहावं. पंधराव्या शतकातल्या मठात २००५ मध्ये ते सुरू झालं. तिथेही चर्चच्या दालनात नवा मजला भिंतींपासून सुटा उभा केला आहे. आणखी उत्तरेला झ्वोल गावात डोमिनिकनांचंच दुसरं चर्च आहे, ब्रूरनकेर्क. २०१३ पासून तिथेही पुस्तकं विकली जातात, आणि दोन्ही पाहिली की एकाच संघाच्या दोन इमारतींत वेगवेगळ्या वास्तुविशारदांनी माळ्याचा प्रश्न कसा सोडवला ते समोरासमोर ताडून पाहता येतं.